वाऱ्याच्या घड्याळाने चला: शिडाच्या नौकेवरच्या सुट्टीबद्दल वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की या सदराकडे नौकाविहाराची पत्रं वाढतात. यंदाच्या पत्रांतली काही निवडक इथे घेतली आहेत. गोव्यात शिडाची नौका भाड्याने मिळते ती बहुधा तांडेल आणि खलाशासकट. त्यामुळे सुकाणू कोणी धरायचं याची काळजी नसते, दिवस कसे आखायचे याची असते.

फोंड्याहून एका वाचक भगिनींचा प्रश्न: जानेवारीत चार दिवस शिडाची नौका घ्यायची आहे. आम्ही दोघं, ७ आणि ११ वर्षांची मुलं, आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. यादी अशी: तेरेखोल, शापोरा, आग्वाद, ग्रँड आयलंड, बेतूल, काब द राम, आगोंद, पाळोळे आणि जमल्यास अंजदीव. निवांत फिरायचं आहे. सगळं बसेल का?

उत्तर: मोटारीने बसेल, नौकेने नाही. ३५ ते ४० फुटी नौका बऱ्या वाऱ्यात ताशी ५ सागरी मैल जाते, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. सायकलवाला तुम्हाला आरामात मागे टाकेल. पणजीच्या धक्क्यावरून आग्वादच्या टोकापर्यंत साधारण ४ सागरी मैल, तिथून ग्रँड आयलंड ८, आणि ग्रँड आयलंडहून पाळोळे सरळ रेषेत २५. नकाशावर ही अंतरं किरकोळ वाटतात. खरी मेख अंतरात नसून दिशेत आहे.

जानेवारीत दुपारचा वारा वायव्येचा असतो. ग्रँड आयलंडहून पाळोळ्याला जायची दिशा आग्नेय, म्हणजे वारा थेट पाठीवर. जाताना सगळे खूश. परतताना तोच वारा तोंडावर. शिडाची नौका वाऱ्याच्या नाकासमोर जाऊ शकत नाही, तिला ४५ अंशांच्या तिरक्या रेघा मारत, वळणं घेत पुढे सरकावं लागतं. त्यात २५ मैलांचे ३५ होतात, नौका पंधरा-वीस अंश कलते आणि समोरून पाणी उडत राहतं. सात-आठ तास हे सोसल्यावर सासूबाई पुन्हा नौकेचं नाव काढणार नाहीत. म्हणून सहल आखताना आधी परतीचा विचार करायचा. जाणं कसंही जमतं.

यादीतून काय काढायचं ते आधी सांगतो. अंजदीव नौदलाच्या ताब्यात आहे, तिथे उतरता येत नाही. शापोरा, तेरेखोल आणि बेतूल या तिन्ही ठिकाणी नदीच्या मुखाशी वाळूचे बांध आहेत आणि दर पावसाळ्यात ते सरकतात. तळाला कील, म्हणजे बुडाखाली खोल उतरलेलं जड पातं, असलेल्या नौकेला १.८ ते २ मीटर खोल पाणी लागतं. ओहोटीला बांधावर तेवढं नसतं, आणि बाहेरून लाट येत असेल तर ती नेमकी तिथेच फुटते. मासेमारीच्या होड्या तिथून रोज ये-जा करतात हे खरं, पण त्यांच्या तळाला कील नसते. ही ठिकाणं रस्त्याने पाहा, छान आहेत.

उरलेल्यांची मांडणी आम्ही अशी करू. पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास पणजीत चढायचं आणि मांडवीबाहेर जायचंच नाही. आग्वादचा उपसागर, मिरामारची बाजू, रेईश मागूशचा किल्ला पाण्यावरून, सूर्यास्त, परत. जानेवारीत सूर्य सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान बुडतो, त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात नौका जागेवर यावी. या तीन तासांत कोणाला मळमळतं, मुलं कुठे चढतात, आजोबांना कुठे टेकायला सोयीचं हे सगळं कळतं, आणि ते घरापासून चार मैलांवर कळलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी ग्रँड आयलंड. सकाळी ७ ला निघायचं, कारण तेव्हा जमिनीवरून येणारा पूर्वेचा मतलई वारा नौकेला आडवा लागतो आणि दक्षिणेकडे जायला तो उत्तम. दहापर्यंत बेटाच्या दक्षिण अंगाला आडोशात नांगर पडावा. मुलांना डुंबू द्या. पाण्यात फार तर दोन-चार मीटरपर्यंत दिसेल, छायाचित्रातल्या निळाईची आशा ठेवू नका. महत्त्वाचं म्हणजे बाराला नांगर उचलायचा. जेवण लांबलं, कोणी झोपलं आणि अडीच वाजले, तर आग्वादपर्यंतचे आठ मैल भर वाऱ्यात कलत जायचे.

तिसरा दिवस मोकळा सोडा. खरंच मोकळा. दुसऱ्या दिवशी वारा नीट नसेल तर ग्रँड आयलंड या दिवसावर ढकलता येतं, आणि सगळं सुरळीत झालं असेल तर नौकेवर पत्ते कुटत बसा. ज्या सहलीत असा एक रिकामा दिवस नसतो, तिथे तांडेलावर नको त्या हवेत निघण्याचा दबाव येतो. बहुतेक भानगडी तिथूनच सुरू होतात.

चौथा दिवस पाळोळ्याचा, एकेरी. पणजीहून एकूण ३७ मैल, म्हणजे साडेसात तास. सकाळी ७ ला निघून दुपारी अडीच-तीनला पोहोचाल. दहा ते बारा वारा पडतो, तेवढा वेळ इंजिन, पुढे पाठीवरचा वारा. काब द रामचा डोंगर आणि आगोंदचा किनारा वाटेत पाहून होतो. तुम्ही पाळोळ्याला उतरायचं आणि नौका दुसऱ्या दिवशी पहाटे खलाशांनी रिकामी परत न्यायची. याचे वेगळे पैसे पडतात, ते आधी ठरवून घ्या. काणकोणला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, मोटारही बोलावता येते. हा दिवस लांब आहे, त्यामुळे सासू-सासऱ्यांनी मोटारीने पाळोळ्याला येऊन तुमची वाट पाहावी असं आमचं स्पष्ट मत आहे. पाळोळ्याला किनाऱ्यावर छोट्या होडीतून उतरावं लागतं, गुडघाभर भिजणं ठरलेलं. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला बेटाचा आडोसा आहे, तिथे लाट कमी.

आणखी एक, ज्येष्ठांसाठी. धक्क्यावरून चढ-उतार भरतीला ठेवा. ओहोटीला नौका दीड-दोन मीटर खाली जाते, मग शेवाळाने बुळबुळीत झालेल्या आणि कालवांच्या धारदार कवचांनी भरलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. पाय घसरतो तो तिथे, समुद्रात नव्हे. भरतीची ढोबळ वेळ काढायची कोकणातली जुनी रीत चालते: तिथीची पाऊणपट. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा. तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून नक्की वेळेसाठी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा.

सावंतवाडीहून: डिसेंबरात सकाळी ११ वाजता दोन तासांची फेरी घेतली. शीड वर चढवलं खरं, पण ते नुसतं लोंबत होतं आणि पूर्ण वेळ इंजिन चालू. पैसे शिडाच्या नौकेचे घेतले, फिरवलं मोटरबोटीसारखं. ही फसवणूक नाही का?

उत्तर: नाही. वेळ चुकीची निवडली गेली. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. डिसेंबर-जानेवारीत ते सकाळी नऊ-दहापर्यंत बरे टिकतात. सूर्य वर आला की जमीन तापू लागते, दोन्हीकडचं तापमान सारखं होतं आणि वारा पडतो. मग बारा-एकच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे सुरू होतात, तीन ते पाच जोर धरतात आणि सूर्यास्तानंतर ओसरतात. तुमची अकरा ते एकची वेळ बरोबर या दोन वाऱ्यांच्या मधल्या पोकळीत पडली.

दोन तासांचीच फेरी घ्यायची असेल तर चार ते सहा घ्या. गर्दी असते, नदीत कॅसिनोंचा आणि नाच-गाण्याच्या बोटींचा गोंगाट असतो, तरी वारा हमखास. शांतता हवी असेल तर सकाळी ७ ते ९. त्या वेळी ग्राहक कमी, म्हणून कधी कधी भावातही सवलत मिळते. विचारायला काय जातं?

संध्याकाळच्या फेरीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. ओहोटीचं पाणी नदीतून बाहेर धावतंय आणि वायव्येचा वारा आत घुसतोय, असं एकाच वेळी झालं की मांडवीच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. नौका खणाखण आपटते. तांडेल अशा दिवशी आग्वादच्या आतूनच वळला तर हुज्जत घालू नका.

पुण्याहून: गेल्या वर्षी मित्रांसोबत किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर नांगर टाकून नौकेवरच रात्र काढली. वारा जवळजवळ नव्हता, तरी नौका रात्रभर डावी-उजवीकडे डुलत होती. कोणालाही झोप नाही. शिवाय नांगर सरकेल या भीतीने दोघं आळीपाळीने जागे. पुढच्या वेळी काय करावं?

उत्तर: वारा नव्हता म्हणूनच डुलली. वारा असला की नौका नाळ, म्हणजे पुढचं टोक, त्याच्याकडे करून स्थिर उभी राहते. रात्री वारा पडला, किंवा पूर्वेकडून हलका मतलई सुटला, की ती कशीही फिरते. आणि लाट मात्र अरबी समुद्रात दूर कुठेतरी उठून पश्चिमेकडूनच येत राहते. ती बगलेत लागली की डोलकाठी घड्याळाच्या लंबकासारखी हलते. उपाय असा: मागच्या बाजूने दुसरा छोटा नांगर टाकून नौकेचं तोंड लाटेकडे धरून ठेवायचं. डुलणं पूर्ण थांबत नाही, पण बगलेतून लागणारी लाट समोरून लागते आणि माणूस झोपू शकतो. नौकेवर दुसरा नांगर आहे का, हे आधीच विचारा.

याहून सोपा उपाय म्हणजे रात्री नदीत यायचं. मांडवीत आत लाट पोहोचत नाही. पाण्याचा ओघ मात्र दर सहा तासांनी उलटतो आणि नौका नांगराभोवती अर्धं वर्तुळ फिरते, तेव्हा तेवढी जागा चारी बाजूंनी मोकळी हवी. खारफुटीच्या जवळ नांगर टाकू नका, डास फोडून काढतील. बेती-वेऱ्याच्या बाजूला नौदलाचा तळ आहे, तिथेही थांबायचं नसतं.

आता नांगराच्या भीतीबद्दल. नांगर नुसत्या वजनाने धरत नाही, तळात रुततो म्हणून धरतो, आणि साखळी तळावर आडवी पडली तरच तो रुतलेला राहतो. हिशेब असा करा. नांगर टाकताना खोली ४ मीटर असेल आणि ओहोटी असेल, तर भरतीचे २ मीटर मिळवा, आणि पाण्यापासून नाळेची उंची १ मीटर. झाले ७. साखळी असेल तर याच्या पाचपट, म्हणजे ३५ मीटर सोडायची. दोरी जास्त असेल तर सातपट, म्हणजे ४९. पुष्कळदा चूक होते ती इथेच: खोलीमापक ४ दाखवतो म्हणून २० मीटर सोडली जाते, पहाटे भरती येते, साखळी उभी ताणली जाते आणि नांगर उपटतो. सोडून झाल्यावर इंजिन हळू मागे लावून मिनिटभर ताण द्यायचा आणि किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, एक माड आणि त्यामागचा दिवा, अशा एका रेषेत धरून पाहायच्या. रेष मोडली नाही तर नांगर धरलाय. हे तांडेलाचं काम आहे, पण त्याने ते केलं की नाही हे तुम्हाला पाहता येतं, आणि मग जागरण करायची गरज नाही.

झोप मोडणाऱ्या दोन बारीक गोष्टी: साखळीचा खरखराट नाळेतून थेट आतल्या खोलीत घुमतो. साखळीला आकडा अडकवून सहा-आठ मीटरची नायलॉनची दोरी बांधली आणि ताण त्या दोरीवर घेतला की आवाज जातो, धक्केही कमी बसतात. आणि डोलकाठीवर टणटण आपटणाऱ्या दोऱ्या झोपण्यापूर्वी बाजूला ओढून बांधायला सांगा.

कोल्हापूरहून: मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्याशिवाय जमत नाही. चालेल का?

उत्तर: पहिला आठवडा, फार तर दहा तारखेपर्यंत. मे महिन्यात दुपारचा वारा जानेवारीपेक्षा जोरकस, पहाटेचा मतलई जवळजवळ नाहीसा, ऊन भाजून काढणारं. त्यामुळे सकाळी ७ ते ११ एवढंच फिरायचं आणि नदीच्या आत. मेच्या उत्तरार्धात अरबी समुद्रात चक्रीवादळाची शक्यता वाढते. २०२१ साली तौक्ते वादळ १६ मे रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं होतं. भरलेले पैसे हवेमुळे रद्द झाल्यास परत मिळतील असं लेखी नसेल तर मे महिन्याच्या फंदात पडू नका. दिवाळीची सुट्टी जमते का बघा.

म्हापशाहून: दोन दिवसांच्या सहलीसाठी आम्ही सहा जण. खाण्यापिण्याचं काय न्यावं? आणि बोट लागण्यावर खात्रीचा उपाय कोणता?

उत्तर: पाणी आधी. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरा. सहा जणांचे दोन दिवसांचे ४८, वर थोडं राखीव, म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन. टाकीतलं पाणी हात-भांडी धुण्यापुरतं.

नौकेवर साधारण दोन चुलींची शेगडी असते आणि ओटा हातभर. म्हणून पहिल्या दिवसाचं जेवण घरून, पुढे एका भांड्यात होणारं: खिचडी, पुलाव, उसळ. तळण चालत्या नौकेवर करायचंच नाही, कलती कढई म्हणजे भाजणं आलंच. सोलकढी करून नेऊ नका, नारळाचं दूध उन्हात दुपारपर्यंत नासतं; कोकमाचं आगळ न्या आणि तिथे सरबत करा. काचेच्या बाटल्या नकोत. फुटल्या की अनवाणी पायांत काच जाते. आंबट-तिखट शेव-चिवड्यापेक्षा कोरडी बिस्किटं, केळी, भाजलेले शेंगदाणे जास्त उपयोगी पडतात.

बोट लागते ती डोळे आणि कान वेगवेगळी बातमी देतात म्हणून. आत बसलं की डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानातला तोल सांगतो की हलतंय. तेव्हा आत जायचं नाही, मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही, मध्यभागी किंवा मागे वाऱ्यावर बसून क्षितिजाकडे पाहायचं. ज्याला फारच त्रास होतो त्याच्या हाती थोडा वेळ सुकाणू द्या, हा उपाय भलताच गुणकारी आहे. उपाशीपोटी निघू नका, तुडुंब जेवूनही नको. सकाळी पेज किंवा उकडा भात उत्तम. ॲव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर निघण्याआधी तास-दीड तास, मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. तिने गुंगी येते, दारूसोबत तर फारच. मुलांना, ज्येष्ठांना आणि इतर औषधं चालू असलेल्यांना डॉक्टरांना विचारूनच द्या.

जाता जाता स्वच्छतागृहाबद्दल, कारण कोणी विचारत नाही आणि सगळ्यांचा खोळंबा तिथेच होतो. नौकेवरचा हातपंप अरुंद नळीचा असतो. कागद, सॅनिटरी पॅड, ओले रुमाल काहीही टाकायचं नाही, आणि पंप पंधरा-वीस वेळा मारायचा. दोन-तीनदा मारून सोडला की घाण नळीतच राहते आणि दुसऱ्या दिवशी तुंबते.

मडगावहून: आगाऊ रक्कम देण्यापूर्वी काय काय पाहावं?

उत्तर: नौकेची नोंदणी आणि प्रवासी संख्येची मर्यादा दाखवणारं कागदपत्र. रात्री प्रवाशांसह बाहेर राहायचं असेल तर त्याची परवानगी आहे का, हे बंदर कप्तान खात्याच्या नियमांच्या संदर्भात लेखी विचारा. "तसं काही लागत नाही" असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. भाड्यात डिझेल धरलंय का? छोटं इंजिन तासाला तीन-चार लिटर पितं, आणि वारा नसलेल्या दिवशी हा आकडा फुगतो. खलाशांचं जेवण कोणाकडे? हवेमुळे फेरी रद्द करायचा निर्णय कोणाचा? तो तांडेलाचाच असावा, आणि तसं लिहिलेलं असावं.

लाइफ जॅकेट मोजू नका, घालून बघा. मुलाला जॅकेट घालून खांद्यांच्या पट्ट्यांनी वर उचला. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघेल. मांड्यांमधून जाणारा पट्टा असलेलं मागा. नौकेवरचा व्हीएचएफ रेडिओ (बिनतारी संच) चालू करून चॅनल १६, म्हणजे संकटात हाक मारायचा चॅनल, ऐकवायला सांगा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या. दाबोळीला नौदलाचा विमानतळ आहे, तेव्हा ड्रोन घरीच ठेवा.

डिचोलीहून: शिडाच्या नौकेने मांडवीतून कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारीत उतरता येईल का? दिवाडी, चोडण सगळं एका फेरीत पाहून होईल.

उत्तर: कल्पना झकास, पण डोलकाठी आडवी येते. खाडीवर ठिकठिकाणी कमी उंचीचे पूल आहेत. साधी मोटरबोट किंवा होडी घ्या, भरती चढत असताना निघा, तीन-चार तास हाताशी ठेवा. दिवाडी बेटावरून जाताना लक्षात असू द्या की नौदलाच्या म्हादेई आणि तारिणी या जगप्रदक्षिणा केलेल्या शिडाच्या नौका याच बेटावरच्या गोदीत बांधल्या. तारिणीवरून सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये ती प्रदक्षिणा पूर्ण केली. खाडीत मगरी आहेत, सकाळच्या उन्हात चिखलावर पहुडलेल्या दिसतात. त्यांना बघायचं तर ओहोटी जवळ आलेली बरी, चिखल उघडा पडतो. पण मग पाणी कमी होऊन होडी अडकते. दोन्ही साधायचं असेल तर भरती पूर्ण होऊन दीडेक तास झाला की निघा, आणि मुलांना हात पाण्यात घालू देऊ नका.